नवरा म्हणतो रायफल, भाऊ म्हणतो पिस्तूल

प्रश्न : आमचं दुमजली घर वस्तीच्या टोकाला आहे. गेल्या महिन्यात दोन घरं सोडून पलीकडे रात्री चोर शिरले आणि घरातल्या माणसांना बांधून ठेवलं. तेव्हापासून आमच्याकडे हत्यारावरून वाद चालू आहे. सासऱ्यांची शिकारीची रायफल त्यांच्या पश्चात यांच्या नावावर झाली आहे. बोल्टची, .३०८ कॅलिबरची, वर दुर्बीण बसवलेली. हे म्हणतात, घरात तोफ असताना टिकल्यांचं पिस्तूल कशाला विकत घ्यायचं? माझा भाऊ म्हणतो, घराच्या आत पिस्तूलच हवं. ते उशाशी राहतं आणि त्याची गोळी भिंतीतून पलीकडेही जात नाही. परवाना दोन्हींचा मिळू शकतो. मी उंचीला कमी आहे आणि माझं उजवं मनगट दुखतं. वरच्या मजल्यावर आम्ही दोघं, समोरच्या खोलीत अकरा वर्षांचा मुलगा. मधल्या भिंती जिप्सम बोर्डच्या आहेत. खाली सासूबाई असतात. त्यांना हल्ली विसर पडतो, रात्री उठून घरभर फिरतात. नोकरी गेल्यापासून यांना झोप नाही, फारसं बोलतही नाहीत, म्हणून मीच लिहिते आहे. रायफल ठेवावी की पिस्तूल घ्यावं?

उत्तर :

ताई,

थेट उत्तर आधी देतो. सासऱ्यांची रायफल घराच्या राखणीला नको. भावाचं ‘पिस्तूल’ मला पटतं, ‘उशाशी’ बिलकुल पटत नाही. आणि घरातली परिस्थिती आज आहे तशी असताना दोन्हींपैकी काहीच घरात नसावं, असं माझं मत आहे. ते का, हे तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळींमुळे. त्यांच्याकडे येतोच. पण तुम्ही विचारलंय हत्याराबद्दल, तेव्हा आधी त्याबद्दल बोलू.

यजमानांना एक प्रयोग करायला सांगा. रायफलचा बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा मागचा सरकता दांडा) काढून दुसऱ्या खोलीत ठेवा, काडतुसं तिसरीकडे. बोल्ट नसलेली रायफल उडूच शकत नाही, म्हणूनच हा प्रयोग घरात चालतो. आता झोपण्याच्या खोलीत उभं राहून त्यांना दुर्बिणीतून चार मीटरवरचं कपाट बघू द्या. शिकारीची दुर्बीण तीन-चार पटींपासून पुढे मोठं दाखवते आणि ती शंभरेक मीटरवरच्या जनावरासाठी जुळवलेली असते. तिच्यातून कपाट दिसणार नाही, तपकिरी धुकट डाग दिसेल. रात्री, कमी उजेडात, तेवढंही नाही. त्या जागी माणूस असता तर तो चोर आहे की सासूबाई, हे त्या काचेतून कळलं नसतं.

मग तीच रायफल हातात धरून त्यांना खोलीच्या दारातून बाहेर पडू द्या आणि जिन्याकडे वळू द्या. शिकारीच्या रायफलची लांबी मीटरभराहून जास्त असते, दाराची रुंदी साधारण नव्वद सेंटीमीटर. कोपऱ्यावर माणसाआधी नळी पोचते. पलीकडे कुणी दबा धरून बसलं असेल, तर त्याला आधी नळी दिसते आणि ती धरताही येते. शिवाय दोन्ही हात त्या रायफलीतच अडकलेले. दिवा कोण लावणार, दार कोण उघडणार, फोन कोण करणार? एक गोळी सुटली की दुसरीसाठी बोल्ट वर उचला, मागे ओढा, पुढे ढकला. रानात या सगळ्याला वेळ असतो.

पण खरी अडचण लांबीची नाही, ताकदीची आहे. ९ मिमी पिस्तुलाची गोळी साधारण ७.५ ग्रॅमची असते, सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास वेगानं निघते, आणि तिची ऊर्जा होते ५०० जूलच्या आत-बाहेर. .३०८ ची गोळी जवळपास १० ग्रॅमची, वेग ८५० मीटर, ऊर्जा साडेतीन हजार जूल. सातपट. अशी गोळी चुकली तर ती तुमच्या घरात थांबणार नाही, शेजारच्या घरात थांबेल याचीही खात्री नाही. मोकळ्यावर ती तीन किलोमीटरच्याही पलीकडे जाते. ‘घरात तोफ आहे’ असं यजमान म्हणतात ते शब्दशः खरं आहे, आणि घरात तोफ उडवत नाहीत.

आता भावाच्या बोलण्यातलं दुसरं वाक्य, पिस्तुलाची गोळी भिंतीतून जात नाही म्हणे. भावांना अशी वाक्यं सुचतात कुठून, देव जाणे. जिप्समची भिंत म्हणजे सव्वा-सव्वा सेंटीमीटरचे दोन बोर्ड आणि मध्ये पोकळी. ९ मिमीची गोळी अशा एका नाही, लागोपाठच्या अनेक भिंती पार करते आणि पलीकडच्या माणसाला मारण्याइतका जोर तिच्यात उरतो. उलट ५.५६ मिमीसारखी हलकी, वेगवान रायफलची गोळी भिंतीला लागताच तिरकी होऊन गडबडते, फुटते, आणि कधीकधी पिस्तुलाच्या गोळीहून लवकर दम तोडते. लोकांना हे ऐकून आश्चर्य वाटतं. पण ‘कधीकधी’च्या भरवशावर समोरच्या खोलीत मुलगा झोपवायचा नसतो. माणसाला थांबवू शकणारी कुठलीही गोळी जिप्सम बोर्डलाही भारी पडते, एवढं धरून चाला.

म्हणून बंदुकीच्या जाहिराती बाजूला ठेवा आणि एका कागदावर वरच्या मजल्याचा नकाशा काढा. तुमच्या पलंगापासून खोलीच्या दारातून सरळ रेघ ओढा आणि ती भिंतींची पर्वा न करता घराबाहेर जाईपर्यंत वाढवा. ही रेघ मुलाच्या पलंगावरून जात असेल, तर त्या दिशेला गोळी झाडणं हा पर्यायच तुमच्याकडे नाही, हत्यार कुठलंही असो. मग दुसरी रेघ जिन्याच्या तोंडाकडे ओढा. तिच्या शेवटी खाली सासूबाईंची खोली येते का बघा. बहुतेक घरांत हा नकाशा काढल्यावर झाडण्याजोग्या दिशा एक-दोनच उरतात, काही घरांत एकही नाही. तुमच्या घरात किती उरतात हे मला इथून दिसत नाही, तुम्हाला दहा मिनिटांत दिसेल.

यातूनच पहिलं काम निघतं, आणि त्याला परवाना लागत नाही. मुलाची खोली हीच रात्रीची आश्रयाची खोली करा. रात्री काही वाजलं तर तुम्ही दोघांनी उठून त्याच्या खोलीत जायचं, दार आतून लावायचं, पोलिसांना फोन करायचा आणि तिथून हलायचं नाही. त्या खोलीला भरीव लाकडी दार, चांगली कडी आणि दारापासून बाजूला बसण्याची जागा हवी. सासूबाईंची खोली शक्य असेल तर वर हलवा. जिना चढवत नसेल तर खाली त्यांच्या दाराला उघडल्यावर वाजणारी साधी घंटी बसवा. म्हणजे रात्री खालचा आवाज त्यांचा की परक्याचा, हे तुम्हाला अंथरुणातच कळेल. घर धुंडाळत फिरायचं नाही. प्रशिक्षित पोलीससुद्धा एकट्यानं घर तपासायला नाखूश असतात. लपलेला माणूस स्थिर असतो आणि शोधणारा हलत असतो, फायदा कायम स्थिर असलेल्याचा.

हा बेत ठरला की हत्याराची निवड सोपी होते. बसून दाराकडे तोंड करून थांबायचं असेल तर लांबी आड येत नाही, आणि खांद्याला लावायचं हत्यार तिथे खरंच सरस ठरतं. हे मी पिस्तुलाच्या बाजूनं बोलत असूनही सांगतो. रायफल खांदा, गाल आणि दोन्ही हात अशा चार जागी टेकते. पिस्तुलाला आधार फक्त मनगटांचा. पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये (नेम धरण्याच्या खुणांमध्ये) अंतर साधारण १६ सेंटीमीटर असतं. थरथरत्या हातानं पुढची साइट २ मिलिमीटर जरी सरकली, तरी ७ मीटरवर गोळी जवळपास ९ सेंटीमीटर भरकटते. रायफलवर साइटमधलं अंतर ५० सेंटीमीटर असेल तर तीच चूक ३ सेंटीमीटरच्या आत राहते. आणि हे झालं फक्त गणित, घाबरलेल्या माणसाचं नाही. न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबारांचा अभ्यास रँड या संस्थेनं २००८ मध्ये केला होता. समोरून गोळ्या येत असताना पोलिसांच्या शंभरातल्या सरासरी १८ गोळ्या लागल्या होत्या. समोरून गोळीबार नसताना ३०. ही पगार घेऊन, सराव करून पिस्तूल बाळगणारी माणसं. उरलेल्या ७०-८० गोळ्या कुठेतरी गेल्याच ना? तुमच्या घरात ते ‘कुठेतरी’ म्हणजे जिप्सम बोर्ड.

मग मी पिस्तूल का म्हणतो? कारण तुमच्या घरात रात्री अंधारात समोर येणारं माणूस बहुधा घरचंच असणार. सासूबाई रोज फिरतात, मुलगा पाणी प्यायला उठतो, यजमानांना झोप नाही. चोर येण्याची शक्यता एखाद्या रात्रीची, ही मंडळी रोज रात्रीची. तेव्हा ज्या हत्यारासोबत एक हात मोकळा राहतो, ते तुमच्यासाठी बरं. त्या मोकळ्या हातात टॉर्च धरायचा. पिस्तुलाला लावलेला टॉर्च नको, वेगळा हवा. नळीवरच्या टॉर्चनं बघायचं म्हणजे ज्याला बघायचं त्याच्यावर पिस्तूल रोखायचं, आणि सासूबाईंवर पिस्तूल रोखून ‘कोण आहे’ विचारणं हा कुठल्याही घरातला बेत असू शकत नाही. हातातला टॉर्च छताकडे मारा. पांढऱ्या छतावरून उजेड पसरून सगळी खोली दिसते, चेहरा दिसतो, आणि पिस्तूल तोवर जमिनीकडे राहतं. आज रात्री फक्त टॉर्च घेऊन हे करून बघा. त्याच मोकळ्या हातानं सासूबाईंचा दंड धरून त्यांना खोलीत आणता येतं, फोन लावता येतो, कडी घालता येते. रायफल घेऊन यातलं काहीच नीट होत नाही.

दुसरं कारण ठेवण्याचं. पिस्तूल लहानशा पोलादी पेटीत राहतं. ती पलंगाजवळ जमिनीला किंवा भिंतीला बोल्टनं जखडता येते, आणि बटणांच्या आकड्यांवर उघडणारी असेल तर सराव झाल्यावर अंधारातही काही सेकंदांत उघडते. रायफलला उभं कपाट लागतं. ते सहसा झोपण्याच्या खोलीत मावत नाही, मग माणसं रायफल कपाटाबाहेर, दाराआड ठेवायला लागतात. उशाशी पिस्तूल ठेवणं हे त्याच आळसाचं धाकटं भावंड. अर्धवट झोपेतल्या माणसाच्या हाताला भरलेलं पिस्तूल लागू नये. पेटी उघडायला जे चार-पाच सेकंद जातात तेवढ्यात माणूस जागा होतो, आणि मला ते सेकंद हवेच आहेत.

या बाबतीत दक्षिण आफ्रिकेचा धावपटू ऑस्कर पिस्टोरियस याचा खटला मुद्दाम वाचावा असा आहे. १४ फेब्रुवारी २०१३ च्या पहाटे त्यानं आपल्या घरात न्हाणीघरातल्या शौचालयाच्या बंद दारातून ९ मिमी पिस्तुलाच्या चार गोळ्या झाडल्या. आत त्याची मैत्रीण रीव्हा स्टीनकॅम्प होती, ती गेली. आत चोर आहे असं आपल्याला वाटलं, हा त्याचा बचाव. सुरुवातीला न्यायालयानं त्याला सदोष मनुष्यवधाचाच दोषी धरलं. पण २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या अपील न्यायालयानं तो खून ठरवला. दारामागे कोण होतं याला महत्त्व नव्हतं. इतक्या लहान जागेत चार गोळ्या झाडल्या तर आतलं माणूस मरू शकतं हे त्याला कळत होतं, आणि तरीही त्यानं झाडल्या. २०१७ मध्ये शिक्षा वाढून १३ वर्षं ५ महिने झाली. कायदा देशागणिक वेगळा, तेव्हा तुमच्याकडचा वकिलालाच विचारा. पण बंद दारातून, आवाजावर, न बघता गोळी झाडणाऱ्याला कायदा सांभाळून घेईल, असं धरून चालू नका. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीवर झाडलेल्या गोळीचंही तेच. जिवावर बेतलं असेल आणि दुसरा मार्ग नसेल तरच, एवढंच सूत्र बहुतेक ठिकाणी चालतं. टीव्ही नेला तर नेऊ द्या.

तुमच्या मनगटाचा प्रश्न खरा आहे. अर्धस्वयंचलित पिस्तूल सैल मनगटानं धरलं तर त्याची स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) पूर्ण मागे जात नाही आणि काडतूस अडकतं. स्लाइड ओढायलाही जोर लागतो, मात्र त्यात ताकदीपेक्षा पद्धत जास्त असते. पिस्तूल छातीजवळ घ्यायचं, एका हातानं स्लाइड घट्ट धरायची आणि दुसऱ्यानं पिस्तूल पुढे ढकलायचं. बऱ्याच जणींना हे पहिल्याच दिवशी जमतं. रिव्हॉल्व्हरला स्लाइड नाही, पण त्याचा ट्रिगर जड, दुखऱ्या हाताला तोही छळतो. आणि ‘बाईमाणसासाठी’ म्हणून दुकानदार जे चिमुकलं पिस्तूल पुढे करतो ते घेऊ नका. हलकं पिस्तूल म्हणजे जास्त धक्का. मधल्या आकाराचं, जरा वजनदार ९ मिमी मनगटाला सुसह्य असतं. नेमबाजीच्या रेंजवर भाड्यानं दोन-तीन प्रकार झाडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मनगट तरीही कुरकुरलं तर ९ मिमीचीच काडतुसं वापरणारी आखूड कार्बाइन (छोटी रायफल) हा तिसरा रस्ता आहे, तुमच्याकडे तिला परवानगी असेल तर. ती खांद्याला लागते, धक्का नावापुरता, नेम सोपा. मोकळा हात मात्र गेला. मुलाच्या खोलीत दाराकडे तोंड करून बसणाऱ्याच्या हाती ती चालेल, सासूबाईंना आणायला जाणाऱ्याच्या हाती नाही.

सराव दोघांनी करायचा. एकानं शिकायचं आणि दुसऱ्यानं नुसतं बघायचं असं चालत नाही, कारण त्या रात्री घरी कोण असेल हे ठरलेलं नसतं. नियमित जायला वेळ नसेल तर विकतच घेऊ नका, हे मी कुणालाही सांगतो. शिकवणाऱ्याच्या नजरेनं आणखी एक गोष्ट. रायफलची नळी ज्या दिशेला असते त्या दिशेला राहते. पिस्तूल मनगटाबरोबर फिरतं, आणि नवखा माणूस मागे वळून ‘हे बघा, अडकलं’ म्हणतो तेव्हा त्याच्या नळीसमोरून रांगेतले सगळे जाऊन येतात. पिस्तुलाची ही खोड सरावानंच जाते. कानांचंही बघा. १४० डेसिबलच्या वर एका आवाजानंही कान कायमचा दुखावू शकतो, आणि कुठलंही पिस्तूल किंवा रायफल ती पातळी सहज ओलांडते. बंद खोलीत तर आवाज भिंतींवरून परत येतो. मोठे आवाज दाबणारे आणि बारीक आवाज वाढवून ऐकवणारे इलेक्ट्रॉनिक इअरमफ मिळतात, ते पेटीजवळ ठेवलेले बरे.

आता त्या शेवटच्या ओळी. नोकरी गेली आहे, झोप नाही, बोलत नाहीत. तुम्ही हे पत्र स्वतः का लिहिलं याचं कारण म्हणून ओझरतं सांगितलंत, पण मला संपूर्ण पत्रात तेवढंच ठळक दिसलं. माझा अंदाज चुकीचाही असेल, चुकीचा असला तर उत्तमच. पण बंदुकीच्या बाबतीत हा अंदाज आधी बांधायचा असतो.

कॅलिफोर्नियातल्या २ कोटी ६० लाखांहून जास्त प्रौढांवर बारा वर्षं नजर ठेवून केलेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या पुरुषांच्या मालकीचं पिस्तूल होतं, त्यांचं स्वतःच्या गोळीनं जाण्याचं प्रमाण इतर पुरुषांच्या जवळपास आठपट निघालं. बायकांमध्ये पस्तीसपट. बंदूक असलेली माणसं इतर मार्गांनी काही जास्त जीव देत नव्हती. फरक घरात बंदूक असण्याचा होता. वाईट रात्र बहुतेकांची निघून जाते, सकाळ होते, कुणी तरी बोलतं. बंदूक तेवढा अवधी देत नाही. त्याच संशोधकांनी २०२२ मध्ये बंदूकमालकांसोबत राहणाऱ्या, स्वतःकडे बंदूक नसलेल्या माणसांचा अभ्यास मांडला. त्यांचा खून होण्याचं प्रमाण बंदूक नसलेल्या घरांतल्या माणसांच्या दुपटीहून जास्त होतं. घर सुरक्षित करायला आणलेल्या वस्तूचा हिशेब असा आहे. त्यापुढे चोराचा हिशेबही मांडतो. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या आकडेवारीनुसार २००३ ते २००७ या काळात झालेल्या घरफोड्यांपैकी सुमारे २८ टक्क्यांत घरात कुणी तरी होतं, आणि एकूण घरफोड्यांपैकी ७ टक्क्यांच्या आसपास प्रकरणांत घरच्या माणसाला हिंसक गुन्ह्याला तोंड द्यावं लागलं. म्हणजे तुमची भीती खोटी नाही. पण चार घरफोड्यांपैकी तीन रिकाम्या घरात होतात, आणि रिकाम्या घरातून बंदूकही चोरीला जाऊ शकते.

म्हणून रायफल या आठवड्यात घराबाहेर काढा. क्लबचं शस्त्रागार, परवानाधारक विक्रेता किंवा पोलीस ठाणं, तुमच्याकडचे नियम जिथे जमा करू देतील तिथे. यजमानांना काय सांगायचं? खरं ते सांगा. ‘तुम्हाला झोप नाही, मला काळजी वाटते, तुम्ही बरे होईपर्यंत ही घरात नको.’ आणि पुढचा प्रश्नही विचारा, जगणं नकोसं वाटतं का, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्यानं तो विचार डोक्यात येतो हा गैरसमज आहे. उलट कुणी विचारलं की बरीच माणसं सुटल्यासारखी बोलायला लागतात. उत्तर हो आलं किंवा उत्तरच आलं नाही, तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. उत्तर ‘नाही’ असं आलं तरी झोपेसाठी म्हणून डॉक्टरांकडे न्याच. त्यांनी चिडून ‘मला वेडा समजतेस का’ असं म्हटलं तर म्हणू द्या. रायफल त्यांचीच आहे, कागद त्यांच्याच नावावर राहणार आहेत, ती फक्त काही महिने दुसरीकडे राहणार आहे.

या मधल्या काळात पैसे दारावर खर्च करा. चौकटीवर कडी जिथे अडकते ती पत्र्याची पट्टी पाहा. बऱ्याच घरांत ती दोन सेंटीमीटरच्या स्क्रूंनी नुसत्या चौकटीच्या फळीत बसवलेली असते आणि एका लाथेत निघते. तिथे जाड पोलादी पट्टी आणि सात-आठ सेंटीमीटरचे स्क्रू, जे चौकटीमागच्या पक्क्या लाकडात किंवा भिंतीत जातील, असे लावून घ्या. बाहेर हालचालीनं पेटणारे दिवे लावा, मागच्या दाराला आधी. माणसांना बांधून ठेवणारे चोर आत कसे शिरले, हे त्या शेजाऱ्यांना विचारलंत का? तिथून सुरुवात करा, त्यांचं कुलूप कुठलं होतं तेही विचारा.

मुलाबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण तो अकरा वर्षांचा आहे म्हणून सांगतो. २००१ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ८ ते १२ वर्षांचे ६४ मुलगे, दोघा-तिघांच्या गटांनी एका खोलीत काही मिनिटं बसवले. खोलीतल्या एका खणात खरं पण रिकामं पिस्तूल होतं. २१ गटांना ते सापडलं, १६ गटांनी हातात घेतलं, १० गटांत कुणी ना कुणी ट्रिगर ओढला. आणि ज्यांनी ते हाताळलं त्यांच्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त मुलांना बंदुकीबद्दल आधी कुणी ना कुणी समजावलेलं होतं. मुलाशी बोलाच. दिसली तर हात लावायचा नाही, खोलीतून बाहेर पडायचं आणि मोठ्यांना सांगायचं, मित्राच्या घरीसुद्धा. पण त्या बोलण्यावर विसंबून पेटी उघडी ठेवू नका. आकडा जन्मतारखेचा नको, तो त्याला पहिल्या दिवशी सुचेल. पेटी त्याच्यासमोर उघडू नका, मुलं बोटांकडे बघतात. पेटीची एक जादा किल्ली येते, ती लोक पेटीशेजारच्याच खणात टाकतात. तुमच्या बाबतीत तर तिथे सासूबाईंचाही हात पोचेल. ती किल्ली घराबाहेर, भावाकडे ठेवा.

यजमानांची झोप परतली, डॉक्टर आणि तुम्ही दोघांनी मिळून ‘आता हरकत नाही’ म्हटलं, आणि तोवर नकाशावर झाडण्याजोगी एक तरी दिशा उरली, की पिस्तुलासाठी अर्ज करा. दिशा उरली नाही तर करू नका. नकाशाचा फोटो मला पाठवलात तरी चालेल, मुलाच्या खोलीचं दार कुठल्या बाजूला उघडतं ते तेवढं त्यावर दाखवा.